सुमेधाबाईंची पेशंट

दसरा झाला की आमच्या सुप्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायला लागतात. मागे दोन ट्रॉल्या, त्यात वासे, ताडपत्र्या, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचा ड्रम, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर, ही पडत कशी नाहीत असा प्रश्न पाडत बसलेली माणसं. सकाळी मी सुप्यातल्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी असते. पुढं ट्रॅक्टर आला की ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहतो, बरोबरच्या पोरींचं डोकं मोबाईलमधून वर येत नाही, आणि मी पेट्यांवर ऑइलपेंटनं लिहिलेली गावांची नावं वाचत बसते. आमच्या पाथर्डी तालुक्यातलं एखादं नाव दिसलं की दिवसभर बरं वाटतं. घर सोडून ऊस तोडायला निघालेल्या माणसांना बघून बरं वाटायचं खरं तर काही कारण नाही. तरी वाटतं.

या वर्षी ट्रॅक्टर निघाले त्याच आठवड्यात डॉक्टर सुमेधांची मालिका संपली. मी पाचवीत होते तेव्हा सुरू झालेली मालिका. माझी दहावी झाली, बारावी झाली, डिप्लोमा झाला, नोकरी लागली, आणि डॉक्टर सुमेधा त्याच पांढऱ्या कोटात, त्याच दवाखान्यात. तिची दोन लग्नं झाली. एकदा तिची स्मरणशक्ती गेली. एकदा ती दरीत कोसळली आणि काही महिन्यांनी केसाची बटसुद्धा न विस्कटता परत आली. बाळंतपणं तीच करायची, मेंदूची ऑपरेशनं तीच करायची, साप चावलेला माणूसही तिच्याच टेबलावर. माझे काका पाथर्डी-नगर जीप चालवतात. ते म्हणायचे, "आख्ख्या दवाखान्यात ही एकच डॉक्टर हाय का? बाकीचे काय जत्रंला गेलेत?" असं म्हणायचे आणि चपला न काढता उंबऱ्यावरच टेकायचे, ते जाहिराती संपेपर्यंत उठायचे नाहीत.

थट्टा सगळेच करायचे, पण तिच्यात एक गोष्ट होती. पेशंट दारातून आला, रडत असो की ओरडत असो, सुमेधाबाई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी बसा. मग सांगा." बस्स, एवढंच. औषध नंतर, तपासणी नंतर, मालिकेतली कटकारस्थानं तर त्याहून नंतर. हे वाक्य आलं की आमच्या घरात जमलेल्या बायका आपापल्या जागी जरा सावरून बसायच्या. त्या आधीच बसलेल्या असायच्या, तरीसुद्धा. आमच्याकडच्या दवाखान्यांत दुखणं उभ्यानं सांगायची सवय असते. मागं रांग असते, पुढं घाईतला माणूस असतो, आणि निम्मं सांगून होईतो चिठ्ठी हातात येते.

मालिका संपली तेव्हा मला सुमेधाबाई आठवल्या नाहीत. मला आठवला माझ्या दहावीचा हंगाम.

आमच्याकडं वर्षाला ऋतू तीन नसतात, दोनच असतात. माणसं गावात असतात तो एक आणि माणसं तोडीला गेलेली असतात तो दुसरा. दुसऱ्या ऋतूत गावाचा आवाज बदलतो. गिरणी एक दिवसाआड चालते. देवळापुढं म्हातारी माणसं उन्हाबरोबर सरकत बसतात. शाळेत निम्मे बाक रिकामे होतात. त्या वर्षी आई-वडील सांगलीकडच्या कारखान्याला गेले होते. माझी दहावी म्हणून मला मागं ठेवलं होतं मंदाकाकूकडं. काका-काकू तोडीला जात नव्हते, जीप होती म्हणून. घरात टीव्हीही त्यांच्याकडंच.

सांजच्याला मालिका व्हायची, आणि ती संपली की काकूचा मोबाईल वाजायचा. आईच असायची. उसाच्या फडातून आलेली, चुलीपुढं बसलेली, वडिलांचा बटणांचा फोन शेजारच्या डब्यावर उभा करून ठेवलेला. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, टीव्ही कुठला? म्हणून काकूनं आईला त्या दिवशीचा भाग सांगायचा, असा आमचा रिवाज पडला होता. काकू स्पीकर लावायची, मी भूमितीची वही उघडून शेजारी बसायची. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि काकू सांगायला लागायची.

"आक्का, आज सासूनं दागिने लपिवले."

"कोन्ती सासू? पैल्या नवऱ्याची का दुसऱ्या?"

"पैल्या. दुसरी गरीब हाय."

थाप, थाप, थाप. आईची भाकरी कधी थांबायची नाही. माझ्या अभ्यासाचं विचारून व्हायचं, शेळी व्याली का ते विचारून व्हायचं, पण आधी सुमेधाबाई. मला तेव्हा राग यायचा. पोरीची बोर्डाची परीक्षा आली आणि हिला कुणाच्या कोण सासूचे दागिने. आता मी स्वतः घरापासून लांब राहते तेव्हा कळतं की लांबच्या माणसाला पहिल्या दमात आपल्या माणसांचं विचारवत नाही. आवाज ताळ्यावर यायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ सुमेधाबाईंनी भरून काढलेला बरा.

संक्रांतीच्या सुमाराला भाकरीची थाप मंदावली. काकूच्या कानाला ते माझ्याआधी कळलं. आईला ओटीपोटात दुखत होतं, पांढरं जात होतं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. हे सगळं आईनं एका दमात, कोरडेपणानं सांगितलं. कारखान्याजवळच्या एका दवाखान्यात दाखवून झालं होतं. तिथल्या डॉक्टरनं पोटाला हात न लावता सांगितलं होतं, पिशवी काढून टाका. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडं हा शब्द बायका रेशनच्या पिशवीइतक्या सहज वापरतात. टोळीतल्या निम्म्या बायकांनी ती काढलेली होती. "काढून टाक, कटकट मिटंल," असं त्याही म्हणत होत्या. दर महिन्याला पाळीमुळं पडणारे खाडे वाचतात, हे न सांगता सगळ्यांना माहीत होतं. मुकादम तर ऑपरेशनला आगाऊ पैसे द्यायला तयारच होता. कारखाना दुरुस्तीसाठी थोडे दिवस बंद राहणार होता, तेव्हा उरकून घ्यायचं ठरत होतं.

आई तेव्हा तिशीच्या आगेमागे होती.

आईनं फोन ठेवला. काकूच्या थोरल्या बहिणीची पिशवी अशीच काढली होती, असाच दोन मिनिटांत निर्णय होऊन. त्यानंतर ती बहीण कधी ताठ उभी राहिली नाही. कंबर गेली, हाडं गेली, तिशीतच म्हातारी झाली. काकूनं हे सगळं जवळून पाहिलेलं होतं.

"सांग ना मग आईला," मी म्हणाले.

काकूनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी तिला गावातून उघड्या डोक्यानं फिरायला सांगितलंय. "म्या? आक्काला?"

आमच्यात धाकटी जाऊ थोरलीला शिकवत नाही. थोरलीच्या आमटीत मीठ नसेल तर धाकटीनं गपचूप वरून घ्यायचं, बोलायचं नाही. काकूला या घरात आणली आईनं, नऊवारी नेसायला शिकवली आईनं, काकूचं पहिलं बाळंतपण निभावलं आईनं. माझ्या वडिलांपुढं तर काकू दाराआड उभी राहूनच बोलायची. अशा बाईनं फोनवरून आक्काला सांगायचं की तुमचा निर्णय चुकतोय? काका सांगू शकले असते, पण पिशवीचं नाव निघालं की पुरुषमाणूस जीप पुसायला बाहेर निघून जातो. काकांची जीप त्या आठवड्यात फार स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी मालिकेत कुणाची तरी हळद होती. अख्खा भाग नाचण्यात गेला, सुमेधाबाईंनी तपासायच्या नळीला हातसुद्धा लावला नाही. फोन आला. काकूनं स्पीकर लावला, घसा साफ केला आणि म्हणाली, "आक्का, आज एक पेशंट आलती. ऊसतोडीवाली."

मी वहीतून मान वर केली. त्या मालिकेत आजवर कुणी ऊस तोडला नव्हता. तिथं स्वयंपाकघरात सुद्धा फक्त सफरचंद चिरलं जायचं.

"आसं?" आई म्हणाली.

"व्हय. पोट दुखतंय म्हनली. उभीच हुती बिचारी. तर बाई म्हनल्या, आधी बसा. मग सांगा."

"मग?"

"मग तिनं सांगितलं, एका डॉक्टरनं पिशवी काढाया सांगितली. बाईंनी चष्मा काढला. म्हनल्या, तपासून सांगितलं का नुसतं तोंड बघून?"

भाकरीची थाप थांबली होती. लांबवर कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती, ती फोनमधून ऐकू आली.

"नाव काय तिचं?" आईनं विचारलं.

काकूनं इकडं तिकडं पाहिलं. समोरच्या भिंतीवर वाणसामानाच्या दुकानाची दिनदर्शिका होती, तिथं नावबिव काही नव्हतं. "सुशीला," काकू म्हणाली.

"मग काय म्हनल्या बाई?"

आता काकूची पंचाईत झाली. सुमेधाबाई पुढं काय म्हणणार हे काकूला कुठं माहीत होतं? पण इतकी वर्षं मालिका बघितलेली बाई ती. तिनं शांतपणे सांगितलं, "मग उद्या."

सकाळी काकू गावातल्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंच्या दारात. पोट का दुखतं, पांढरं का जातं, सगळ्यांचीच पिशवी काढावी लागते का, नाही काढली तर काय, सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी होते का. आशाताईंना वाटलं काकूलाच काही झालंय. त्यांनी समजावून सांगितलं ते काकूनं जात्यावरच्या ओवीसारखं पाठ केलं आणि संध्याकाळी सुमेधाबाईंच्या तोंडी घातलं. मालिकेत त्या संध्याकाळी हळद उतरून लग्न लागत होतं. आमच्या फोनवर मात्र सुमेधाबाई सुशीलाला सांगत होत्या की आतून सूज असली तर औषधानं बरी होते, आधी सोनोग्राफी करायची, पिशवी लगेच काढायची नसते, ती काढली की हाडं लवकर झिजतात. काकू सांगत होती आणि मी प्रमेय गिरवत होते आणि माझं प्रमेयात अजिबात लक्ष नव्हतं.

मग रोजच सुशीला. आई आता सासूचं, दागिन्यांचं विचारीनाशी झाली. फोन उचलला की पहिलं, "सुशीला गेली का दवाखान्यात?"

"न्हाई अजून. तिचा मालक म्हनतोय हंगाम सरू दे."

"मालकाला काय हुतंय म्हनाया. त्याचं दुखतंय का?"

"तेच म्हनल्या बाई."

दुसऱ्या दिवशी, "सुशीला भेतीय का?"

"भेतीय. सोनोग्राफीचं भ्या वाटतंय."

"दुखतं का त्यात?"

"न्हाई. आशा... बाई म्हनल्या, पोटावर गारगार औषध लावत्यात आन् बघत्यात. दुखत न्हाई काय."

काकूची जीभ घसरली होती. पलीकडं आई नुसती "हं" म्हणाली. पुढचा प्रश्न तिनं विचारला तो असा, "तिच्यासंगं कोन जाईल? एकटी कशी जायची?"

"तिच्या शेजारची बाई जाईल की, आक्का."

"हितं कडूबाई हाय," आई म्हणाली. "चांगली हाय बाई. तिला म्हनलं तर यील."

मी काकूकडं पाहिलं. काकू मोबाईलकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आवाज मात्र तिनं अजिबात हलू दिला नाही. "मग सुशीलानं उद्याच जावं," ती म्हणाली. "कारखाना बंद व्हायची वाट बघू नई."

आई कडूबाईला घेऊन तिथल्याच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथं डॉक्टर बाई होत्या, त्यांनी बसा म्हटलं की नाही ते आईनं सांगितलं नाही. आतून सूज होती. अंगात रक्त कमी होतं. औषधं दिली, रक्ताच्या गोळ्या दिल्या, थोडे दिवस मोळी उचलू नका म्हणाल्या. वडिलांनी आधी कुरकुर केली, मग आईच्या वाट्याच्या मोळ्याही तेच वाहू लागले. माझी परीक्षा संपेपर्यंत भाकरीची थाप पहिल्यासारखी झाली. पाडव्याला ट्रॅक्टर परत आला तेव्हा आई ट्रॉलीवरून स्वतः उडी मारून उतरली. काकू तिच्या पाया पडली. दोघींपैकी कुणीही सुशीलाचं नाव काढलं नाही.

त्याच वर्षी नवरात्रात पाथर्डीत एका साडीच्या दुकानाचं उद्घाटन होतं, आणि उद्घाटनाला साक्षात डॉक्टर सुमेधा. म्हणजे ती नटी. काकांची जीप भरून आम्ही गेलो. गर्दीत एका बाईनं आपलं तापलेलं पोर तिच्यापुढं धरलं, एका आजोबांनी गुडघा दाखवला. ती हात जोडून सगळ्यांना सांगत होती, "अहो, मी डॉक्टर नाही हो. मला स्वतःला इंजेक्शनची भीती वाटते." लोक हसत होते आणि गुडघे दाखवत होते. टीव्हीत दिसायची त्यापेक्षा ती बुटकी होती. आवाज बसलेला होता, उंच टाचांच्या चपलांतून पाय सुजून वर आले होते. दुकानदार तिला या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरवत होता आणि फोटो काढून घेत होता. गर्दीत कुणाला तिचे पाय दिसले असतील असं मला वाटत नाही.

आईला दिसले. बायका ओटी भरायला पुढं जात होत्या, आईची पाळी आली. आईनं खणनारळ बाजूला ठेवला, साड्यांच्या ढिगामागचं स्टूल ओढलं आणि म्हणाली, "आधी बसा. मग सांगा."

ती नटी आईकडं बघतच राहिली. मग हसली, आणि खरंच बसली. चपला काढल्या. "सकाळपासून उभी आहे हो," ती म्हणाली. एवढी वर्षं हे वाक्य ती लोकांना म्हणत आली होती, तिला ते कुणी म्हटलं असेल का, मला माहीत नाही. आईनं तिला पाणी दिलं, ओटी भरली, आणि मग अगदी सहज विचारलं, "तुमची ती सुशीला कशी हाय?"

काकू एकदम साडीचा पोत बघायला लागली.

"सुशीला?" नटीनं विचारलं. ती आठवत होती. इतक्या वर्षांत किती पेशंट झाले असतील, त्यातली कुठली ही? मग तिनं आईचा चेहरा पाहिला, आईच्या मागं मान खाली घालून उभी असलेली काकू पाहिली. काय कळलं तिला देव जाणे, पण बाई समजूतदार. "तुम्हीच सांगा ना," ती म्हणाली. "बरी आहे ना ती आता?"

"बरी हाय," आई म्हणाली. "एकदम बरी हाय."

परतीच्या जीपमध्ये मी दोघींच्या मधे बसले होते. माणिकदौंडीचा घाट चढताना काकूला राहवलं नाही. "आक्का, तुमाला कधी कळलं?"

"पैल्या दिशीच. संक्रांतीत कडूबाईच्या पोरानं मोठा मोबाईल आनला हुता. रोज बघायचो की आमी मालिका, तुला फोन लावायच्या आदी."

काकूचं तोंड उघडंच राहिलं. "मग रोज मला कशापायी विचारत हुत्या?"

"टीवीतली सुमेधाबाई काय, नाचत बसती," आई म्हणाली. "तुझीवाली बरी हुती." मग काही वळणं गेल्यावर, बाहेर बघत, "तू तुझ्या तोंडानं म्हनली असतीस तर म्या ऐकलं नसतं, मंदे. मला माझा सोभाव म्हाईत हाय." काकूनं माझ्या पाठीमागून हात घालून आईच्या दंडाला धरलं आणि गाव येईपर्यंत सोडलं नाही.

मला त्या नटीचं खूपदा मनात येतं. दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोलायची, दुसऱ्यांनी सांगितलं तिथं रडायचं, हेच तिचं काम. पण आमच्याकडच्या दोन जावांना जे एकमेकींशी बोलायची सोय नव्हती ते बोलायला तिनं आपलं तोंड दिलं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मालिका संपली तेव्हा पेपरात तिची मुलाखत आली. मोकळं मोकळं वाटतंय, असं ती म्हणाली होती. मला आनंद झाला. आता कुठं तरी पाय सोडून बसली असेल.

मला नोकरी लागली तशी आई तोडीला जायची थांबली. आता ती आणि काकू शेजारी बसून टीव्ही बघतात, आणि संध्याकाळी फोन माझ्या खोलीवर येतो. काय जेवलीस, किती वाजता सुटलीस, हे नंतर. मालिका चालू होती तोवर आधी मालिकेत काय झालं ते. मागच्या वर्षीपासून माझं पाठीचं दुखणं सुरू झालं. कंपनीत लाईनवर आठ तास उभं राहायचं, दुखलं की मेडिकलमधली गोळी घ्यायची आणि पुन्हा उभं राहायचं. लाईनवरच्या सगळ्याच पोरी हेच करतात. आईला मी हे सांगितलेलं नाही, निदान माझ्या समजुतीप्रमाणं. पण मागच्या सुट्टीत घरी गेले होते तेव्हा घागर उचलताना माझा हात कमरेला गेला होता, आणि आई तेव्हा चुलीशी होती, माझ्याकडं पाठ करून.

परवा फोन आला. मालिका संपून महिना होत आला होता.

"बसलीस का?" आईनं विचारलं.

"अगं, भाजी टाकतेय."

"आधी बस."

मी गॅस बंद केला आणि पलंगावर बसले. "बसले. बोल."

"काल सुमेधाबाईंकडं एक पोरगी आलती," आई म्हणाली. "कंपनीत कामाला हाय. पाठ दुखती तिची. लई दिवस झालं गोळ्याच खाती, घरी सांगत न्हाई."

पलीकडून काकूचा दबलेला आवाज आला, "सुप्याची हाय म्हना. सुप्याची." आईनं तिला गप्प केलं.

मला बरंच काही म्हणता आलं असतं. म्हणाले फक्त, "मग? काय म्हणाल्या सुमेधाबाई?"

"ते उद्या," आई म्हणाली. "आधी दवाखान्यात जाऊन ये."